पावणेदोन इंची पाइप

तारेचं खालचं टोक किंचित जास्तच वळलं होतं. नॉर्बर्टने स्टिअरिंगवरचा एक हात काढून ते अंगठ्याने दाबलं, मग वाटलं, नको, मापाचं होतं तेच बरं होतं, आणि परत तसं करायला गेला तर ते नेमकं कसं होतं तेच आठवेना... सकाळी बायकोच्या, डोरीनच्या कपाटातून कोट अडकवायचे दोन हँगर काढून, पकडीने सरळ करून, त्याने या तारा गॅरेजमधल्या जुन्या फोर्डच्या बॉनेटखाली उतरवून वळवल्या होत्या. एक रेडिएटरच्या वरच्या तोंडापासून इंजिनाच्या वरच्या तोंडापर्यंत, दुसरी खालून, पंख्याला न लागता, स्टिअरिंगच्या पेटीला वळसा घालून, वॉटर पंपापर्यंत. पाइप ज्या वाटेने जायला हवा ती वाट म्हणजे ही तार. आणि आता ती त्याने आपल्याच अंगठ्याने बिघडवली होती, आणि पिकअप दक्षिणेकडे, ला क्रॉसच्या दिशेने चालली होती, जिकडे तो नऊ वर्षांत स्वतःहून गेला नव्हता.

खरं तर तो सकाळी हेजला गेला होता. तिथल्या सुट्या भागांच्या दुकानातल्या माणसाने कॉम्प्युटरवर बोटं ठेवून विचारलं, "साल?"

"पन्नास."

"कंपनी?"

"फोर्ड."

"इंजिन?"

"शेव्हरोले. सत्तरच्या सुमाराचं."

माणूस पडद्याकडे बघत राहिला. "अशी गाडीच नाहीये, काका."

"कारखान्यात नाहीये. माझ्या गॅरेजमध्ये आहे."

"मग नंबर कोणता टाकू मी?" तो वैतागून नाही, खरंच विचारत होता. मग त्याने घड्यांचा, हवा तसा वाकणारा पाइप पुढे केला. तो नॉर्बर्टच्या गाडीला आधीच होता, आणि घड्याघड्यांतून तडकून गॅरेजच्या फरशीवर हिरवं पाणी गाळत होता. "वळणाचा तयार पाइप हवा असेल तर ला क्रॉसला बेकरच्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानात जा. तिथला म्हातारा मागच्या भिंतीवरून जुळवून देतो. त्याचं आडनावही वासिंगरच. नात्यातला का तुमच्या?"

"भाऊ," नॉर्बर्ट म्हणाला. तो शब्द दुकानात किती सहज पडला, जणू रोजचाच.

डोरीनचा हट्ट नसता तर तो तिथूनच घरी वळला असता. पण मे उजाडला होता, गारांचे दिवस आले होते, मागच्या साली तिच्या गाडीची काच गारांनी फुटली होती आणि या साली तिने सरळ सांगितलं होतं – एक तर ती फोर्ड चालती कर, नाही तर काढ बाहेर, गॅरेज मला हवंय. नऊ वर्षं मी एका न चालणाऱ्या गाडीसाठी पावसात भिजतेय... तिचं म्हणणं खोटं नव्हतं. इंजिन बसलं होतं, सुरूही व्हायचं. मग रेडिएटर बदलायचा राहिला, तो बदलला. मग पाइप. प्रत्येक वेळी एक शेवटची गोष्ट राहायची, आणि ती राहिली की नॉर्बर्टला आतून कुठेतरी बरं वाटायचं, हे त्याने डोरीनला कधी सांगितलं नव्हतं.

गाडी वडिलांची. गव्हाच्या पैशातून घेतलेली, रविवारी प्रार्थनेला जायची, एरवी कोठारात झाकलेली. वडील गेल्यावर ती नॉर्बर्टकडे आली आणि त्या धाकट्या भावाने, लेरॉयने, एकच मागितलं – इंजिन तेच ठेव. त्याला तडा गेलाय, नॉर्बर्ट म्हणाला. तडा शिवता येतो, लेरॉय म्हणाला, मी माणूस शोधतो. माणूस शोधायला त्याने चार महिने लावले – की दोनच? – आणि तेवढ्यात एक ठोकलेली शेव्हरोले पिकअप मिळाली, तिचं इंजिन धड होतं, आणि नॉर्बर्टने एका शनिवारी जुनं उतरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर लेरॉय आला. बॉनेट उघडं होतं, आत नुसता खड्डा. "कुठेय?" त्याने विचारलं, आणि त्या विचारण्यात, आपल्याला जाब देणं भाग आहे असं धरून चालणाऱ्या त्या धाकट्या आवाजात, असं काहीतरी होतं की नॉर्बर्टच्या तोंडून निघून गेलं, "भंगारात दिलं." लेरॉयने टोपी डोक्यावर ठेवली आणि तो गेला. भांडण झालं नाही. दफनाला, लग्नाला भेटले की हवापाण्याचं बोलायचे, गहू कसा आहे विचारायचे, आणि बायका एकमेकींजवळ जास्त वेळ थांबायच्या.

इंजिन भंगारात गेलंच नव्हतं. कोठाराच्या मागे, ताडपत्रीखाली, लाकडी ओंडक्यांवर होतं. दर हिवाळ्यात नॉर्बर्ट त्यात तेल सोडायचा, पाना लावून दोन फेरे हाताने फिरवायचा, गंजू नये म्हणून... आणि परत झाकायचा.

बेकरच्या दुकानाचं दार ढकललं तेव्हा लेरॉय काउंटरमागे बीरॉक, कोबी-खिमा भरलेला पाव, खात होता. खाताखाताच त्याने वर बघितलं. केस पार गेले होते. त्याने बीरॉक कागदावर ठेवला, हात पुसले.

"नॉर्ब."

"लेरॉय."

"वारा सुटलाय आज."

"सकाळपासून."

नॉर्बर्टने तारा काउंटरवर ठेवल्या. वाटेत तयार केलेली वाक्यं त्याच्यापाशी होती, साल, कंपनी, इंजिन, सगळ्या प्रश्नांची उत्तरं, आणि त्या एका प्रश्नाचंही, ज्याचं उत्तर तो नऊ वर्षं घासूनपुसून तयार ठेवत आला होता – तू चार महिने लावलेस, मी काय करायचं होतं? पण लेरॉयने काहीच विचारलं नाही. तार उचलली, वळणावरून बोट फिरवलं.

"ही खालची. स्टिअरिंगची पेटी चुकवलीयस."

"हो."

"टोक वाकलंय इथे."

"वाटेत मीच दाबलं."

"वाटलंच. पाइप असा वळला तर पंख्यातच जाईल." त्याने टोक किंचित उघडलं, आणि ते सकाळी होतं तसं झालं, नॉर्बर्टला लगेच ओळखू आलं. म्हणजे याला ती गाडी अजून आतून दिसत होती, एकेक नटबोल्टासकट. "पावणेदोन इंच खाली, दीड वर?"

"हो."

"ये आत."

काउंटरच्या आत गिऱ्हाइकं येत नसत. मागची भिंत वरपासून खालपर्यंत काळ्या पाइपांनी भरली होती, खिळ्यांवर टांगलेले, वाकडेतिकडे, कागदी चिठ्ठ्या लावलेले, रबराचा दाट वास. लेरॉय तार हातात धरून भिंतीसमोर उभा राहिला. एक काढला, तारेला लावला, परत टांगला. दुसरा शेतावरच्या ट्रकचा, वळण फार आखूड. तिसरा नॉर्बर्टने काढला. लेरॉयने नुसती मान हलवली, आणि नॉर्बर्टने तो निमूट जागेवर ठेवला, लहानपणी कधी ठेवला नसता इतका निमूट.

समोरून कुणीतरी डोकावलं. व्हिक्टर, ट्रॅक्टरच्या पट्ट्यासाठी आलेला, दोघांनाही शाळेपासून ओळखणारा. "काय शोधताय दोघं?"

"पाइप," लेरॉय म्हणाला. "पन्नासच्या फोर्डचा. आत शेव्हरोले आहे."

"फोर्डात शेव्हरोले? अरे, तुमच्या बापाने थडग्यात कूस बदलली असेल."

नॉर्बर्टचे कान तापले. नऊ वर्षं तो हेच वाक्य लेरॉयच्या तोंडून ऐकत आला होता, लेरॉयने कधीही न उच्चारलेलं.

"बाप कुठला बदलतोय," लेरॉय भिंतीकडेच बघत म्हणाला. "त्याला गाडी चर्चपर्यंत गेली म्हणजे झालं. आत इंजिन आहे की घोडा, ते त्याने आयुष्यात कधी बघितलं नाही. बॉनेट मीच उघडायचो. तुझा पट्टा डावीकडे खाली आहे बघ, घेऊन जा आणि वहीत लिही."

व्हिक्टर हसत गेला. लेरॉयने उंचावरून एक लांब पाइप काढला, कुठल्याशा जुन्या मोटारीचा, दोन वळणांचा. तार त्यावर धरली. मधला भाग तारेसारखाच जात होता, अगदी तसाच. त्याने खडूने दोन खुणा केल्या. "इथे काप आणि इथे. आधी अर्धा इंच जास्त ठेव, इंजिन हलतं. आणि आत स्प्रिंग आहे ती काढू नकोस. खालच्या पाइपला ओढ बसते, स्प्रिंग नसली की वेगात चपटा होतो आणि मग म्हणशील गाडी तापते."

"नाही काढत."

"वरचा सोपाय." तो त्याने मिनिटात शोधला. मग पाइप कागदात गुंडाळताना, दोरा दाताने तोडता तोडता, म्हणाला, "त्याला तेल घालतोस ना?"

"कशाला?"

"जुन्याला."

नॉर्बर्टने वरची तार उचलून हातात घेतली.

"तू ते उतरवलंस त्याच आठवड्यात मी भंगारवाल्याकडे, म्हाताऱ्या ऑटोकडे गेलो होतो. म्हटलं, परत आणू. तो म्हणाला, तुझ्या भावाने काही आणलंच नाही."

"मग बोलला का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबलो," लेरॉय म्हणाला. गाठ मारली, ओढून बघितली. "मग थांबायची सवय झाली."

"दर हिवाळ्यात घालतो," नॉर्बर्ट म्हणाला.

"मग गंजलं नसेल," लेरॉय म्हणाला, आणि त्याने गुंडाळी पुढे सरकवली.

उत्तरेकडे परतताना वारा आडवा लागत होता, पिकअपला सतत थोडं डावीकडे ओढून धरावं लागत होतं. चुनखडीच्या खांबांची कुंपणं, हिरवा गहू, लोटांगण घालून उठणारा... नॉर्बर्टला हलकं वाटायला हवं होतं. पण नऊ वर्षं आपण एक घाव दिला या समजुतीत काढली, तो घाव राखला, त्याला तेल घातलं, दर हिवाळ्यात फिरवून पाहिला – आणि तो लागलाच नव्हता. लागलं होतं ते दुसरंच, लेरॉयला, आणि ते काय असेल याचा त्याने एकदाही विचार केला नव्हता. एक माणूस भंगारवाल्या ऑटोच्या अंगणातून रिकाम्या हाताने परत येतो, घरी जातो, बायकोला काही सांगत नाही, आणि थांबतो. पहिला हिवाळा. दुसरा. आणि दफनाला भेटलं की गव्हाचं विचारतो... तू का नाही बोललास, नॉर्बर्टला राग येऊ लागला, स्वच्छ, कोवळा राग, किती वर्षांत आला नव्हता असा. ठाऊक असून गप्प बसलास. मी मूर्खासारखा ताडपत्री दाबत राहिलो आणि तुला ठाऊक होतं. तू लहानपणापासून असाच, आतल्या गाठीचा, जा म्हटलं की जाणारा, अरे, दार वाजवायचंस, ओरडायचंस, दोन थोबाडीत द्यायच्यास मला...

बरंच अंतर गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं की आपण हे मोठ्याने बोलतोय, एकटेच, आणि इंग्रजीत नाही, आई घरात बोलायची त्या जुन्या जर्मनमध्ये, जी ती गेल्यापासून तो कुणाशीही बोलला नव्हता, आणि जी आता जगात त्याच्याशी बोलू शकेल असा एकच माणूस उरला होता. काही शब्द अडत होते. एक तर पार विसरला होता, तो काय बरं... लेरॉयला येत असेल. तो शब्द शोधत, मध्येच थांबत, परत सुरुवातीपासून, नॉर्बर्ट बोलत राहिला.