टाकीतली हवा

वहिनीचा फोन आला तेव्हा धाकटा एका आजीबाईंच्या कवळीत पुढचा दात बसवत होता. पुढचा दात केसभर जरी इकडेतिकडे झाला तरी सगळं हसू बिघडतं, म्हणून तो फोन खांद्यात दाबून काम करतच राहिला.

"भावजी, ह्यांनी नोकरी सोडायचं मनावर घेतलंय," वहिनी म्हणाली. "उद्या सकाळी शाळेत जाऊन बसच्या किल्ल्या देऊन येणार म्हणे. मी सांगून सांगून थकले. तुमचं ऐकतात ते. या ना जरा."

धाकट्याच्या हातातला दात निसटला आणि टेबलाखाली कुठेतरी गेला.

"का पण?" त्याने विचारलं. काय बाई नाटकीपणा! का ते जगात त्याच्याइतकं पक्कं दुसऱ्या कुणालाही माहीत नव्हतं.

"तेच. डोक्याचं. बाबांचं विसरायचं दुखणंच आपल्याला लागलंय असं घेऊन बसलेत. परवा डॉक्टरांकडेही जाऊन आले. डॉक्टर म्हणाले, काही दिसत नाही, सहा महिन्यांनी पुन्हा या. तर ह्यांनी अर्थ काय काढला? आत्ता नाही, सहा महिन्यांनी दिसेल."

दादा बावीस वर्षं शाळेची बस चालवत होता. एवढ्या वर्षांत बसला ओरखडा नाही की पोराच्या गुडघ्याला खरचटलेलं नाही. शेवटचा स्टॉप झाला की गाडी बंद करून तो मागच्या बाकापर्यंत चालत जायचा आणि प्रत्येक बाकाखाली वाकून बघायचा, कुणी पेंगत राहिलं तर नाही ना म्हणून. आणि बाबांची शेवटची सहा वर्षंही त्यानेच काढली होती. भरवणं, न्हाऊमाखू घालणं, सगळं. बदल्यात बाबा त्याला विचारायचे, "ड्रायव्हरसाहेब, माझा स्टॉप आला का?" दादा म्हणायचा, "आला की सांगतो हं." धाकटा तेव्हा दर रविवारी फळं घेऊन यायचा आणि तासाभरात निघायचा. ते एक जाऊ द्या.

तर हे सगळं सुरू झालं एका विमानावरून. खरं विमान नव्हे हो. रिमोटवर उडणारं, पण आत खरंखुरं जेटचं इंजिन असलेलं, दोन हात पसरले तर मावणार नाही एवढं. दोघा भावांनी तीन वर्षं दादाच्या मागच्या खोलीत खपून ते बनवलं. अंग दादाने केलं, आणि बारीक काम धाकट्याने. पोटाखालच्या, चाकं आत गेली की मिटणाऱ्या झडपा म्हणजे धाकट्याचा जीव की प्राण. कवळ्या करणाऱ्याचा हात तो! मिटल्यावर फटीत नखसुद्धा शिरत नसे. त्या मिटल्या की विमान तीरासारखं सरळ जायचं. उघड्या राहिल्या की वारा त्यांत अडायचा, नाक हलायचं, वेग मरायचा.

भांडण होतं ते उतरतानाचं. चाकं बाहेर आल्यावर झडपा उघड्याच लोंबत. धाकटा म्हणे, खऱ्या विमानांत चाकं काढून झडपा परत मिटतात, मग आपल्या का नको? बघायलाही बरं, आणि उतरताना डुलणार नाही. दादा म्हणे, "शहाण्या, झडपा हलतात कशावर? हवेवर. टाकी आपली केवढीशी? चाकं काढताना एकदा जास्त मिटवायच्या, आत घेताना एकदा जास्त उघडायच्या, ती हवा तुझा सासरा भरणार का वर जाऊन?" झालं, विषय संपला. चाकं आधी की झडपा आधी, हे ठरवणारी एक काडेपेटीएवढी डबी पोटात होती. तिच्यावर एक खटका. तो इकडे म्हणजे दादाचं खरं, तिकडे म्हणजे धाकट्याचं.

दोन महिन्यांपूर्वी एका रविवारी सकाळी मैदानावर दादाने पंपाने टाकी भरली. धाकटा शेजारीच उभा होता. काटा हिरव्या पट्ट्याच्या पार टोकाला टेकलेला त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. मग दादा पाणी प्यायला गेला, आणि याने बोटाच्या टोकाने खटका तिकडे केला.

वाईट मनात नव्हतं. अगदी नव्हतं. उतरल्यावर दादाला दाखवायचं होतं, बघ, कसं अलगद आलं, बोललो नव्हतो मी? एरवी ते चाकं एकदाच आत घेत आणि एकदाच बाहेर काढत. तेवढ्याला हवा पुरून उरली असती. जमिनीवर काही कळायचा प्रश्नच नव्हता, कारण पुढचा हुकूम मिळेपर्यंत झडपा होत्या तशा उघड्याच राहणार.

पण त्या दिवशी दादा रंगात आला. विमान असं काही उडालं की मैदानावरच्या विमानक्लबातले सगळे खुर्च्या सोडून उठले. त्यांच्यातले प्लंबरकाका ओरडले, "चाकं काढून जवळून न्या हो एकदा!" दादाने चाकं काढली, डोक्यावरून नेलं, चाकं आत घेतली. चाकं बाहेर असताना मिटलेल्या झडपा फक्त धाकट्याला दिसल्या, कारण एवढ्या लांबून ते बघायचं कुणाच्या डोक्यातच नव्हतं. "वन्स मोअर!" काका पुन्हा ओरडले.

धाकट्याने मनातल्या मनात हवा मोजली. दादाच्या पद्धतीने पुरली असती, याच्या पद्धतीने पुरणार नव्हती. "दादा, बस आता" एवढंच म्हणायचं होतं. दादाने लगेच विचारलं असतं, का? आणि मग सगळ्या क्लबासमोर सांगावं लागलं असतं. पुन्हा चाकं बाहेर, पुन्हा आत.

उतरायला वळवलं तेव्हा झडपा उघडल्या, उजवं चाक आलं आणि डावं अर्ध्यात अडकलं. हवा संपली होती. झडपा दोन्हीकडे आ वासून, चाक एकाच बाजूला, वेग मेलेला. दादाने इंजिनाला जोर दिला, पण जेटचं इंजिन मोटारसारखं लगेच उचल खात नाही, त्याला दोन-तीन सेकंद लागतात. तेवढ्यात पंख कलला. कडेच्या गवतात आवाज झाला आणि तीन वर्षांच्या कामाचे तुकडे झाले.

दादा मटकन खुर्चीत बसला. धाकटा धावला. सगळ्यांत आधी त्याने काय उचललं असेल? ती डबी. पाठ वळवून त्याने खटका इकडे केला आणि मग "अरेरे" म्हणाला. लाज वाटायला हवी! तेव्हा वाटली नाही. तेव्हा फक्त सुटल्यासारखं वाटलं.

दुपारी दादाने घरी सगळे तुकडे चादरीवर मांडले. डबी पाहिली. खटका बरोबर. नळ्या फुंकून पाहिल्या, टाकी पाण्यात बुडवली, कुठेही गळती नाही. मग तो म्हणाला, "मी हवा भरली होती ना रे? तू होतास तिथे."

"माझं लक्ष नव्हतं," धाकटा म्हणाला.

तीनच शब्द, पण त्यांनी दादाचा पायाच काढून घेतला. त्या दिवसापासून दादा गॅस दोनदा बघू लागला, मग पाच वेळा. घराबाहेर पडला की अर्ध्या वाटेतून कुलूप बघायला परत येऊ लागला. सकाळी उठून एका वहीत बायकोचं, लेकीचं, शेजाऱ्यांचं नाव लिहून काढू लागला. आणि धाकटा दर रविवारी पूर्वीसारखाच फळं घेऊन येई, "काही नाही रे, वयाचं असतं" म्हणे आणि तासाभरात निघे. दर वेळी जिन्यात ठरवायचा, आज सांगायचं. दर वेळी चहाबरोबर गिळून टाकायचा.

फोन ठेवल्यावर मात्र तो तसाच, अंगावरच्या एप्रनसकट निघाला. दाराशी वहिनी होती. "आत आहेत," एवढंच म्हणाली. दादा मागच्या खोलीत शाळेसाठी पत्र लिहीत होता.

"लिहू नकोस," धाकटा म्हणाला. "हवा तू भरली होतीस. काटा टोकाला होता. मी पाहिला होता."

दादाने मान वर केली.

"खटका मी फिरवला होता, झडपा परत मिटाव्यात म्हणून. त्यात हवा गेली. विमान पडल्यावर तुकड्यांतून डबी काढली आणि खटका परत तुझ्या बाजूला केला, तू बघायच्या आधी. तू काहीही विसरला नव्हतास, दादा. काहीही नाही."

दादा उठला. आता मुस्काटात देईल, धाकट्याला वाटलं. देऊ दे, द्यावीच, असंही वाटलं. दादाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"वहिनीने पढवून पाठवलं ना तुला?"

"नाही! दादा, आईची शपथ. मीच—"

"मी स्वतः पाहिला होता रे खटका."

"मी फिरवल्यानंतर पाहिलास तू!"

"आणि मी विचारलं तेव्हा लक्ष नव्हतं म्हणालास?"

"खोटं बोललो. घाबरलो होतो. लाज वाटत होती."

क्षणभर दादाच्या कपाळावर आठी आली, आणि आता याला पटलं, आता हा मला सोडणार नाही, असं वाटून धाकट्याला केवढा धीर आला. पण आठी गेली. दादा हसला, आणि लहानपणी करायचा तसा त्याने धाकट्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"म्हणजे दोन महिने मी वहीत बायकोचं नाव लिहितोय हे बघत तू समोर बसून चहा पीत होतास? माझ्यासाठी काय काय अंगावर घेशील रे? पण थाप मारायची तर जरा पटेल अशी मारावी. एवढा नीच नाहीस तू. मी ओळखतो की तुला. तेवढं तरी अजून विसरलेलो नाही."

त्याने पत्राखाली सही केली आणि तारीख कोणती ते धाकट्याला विचारलं.