थोरलीचे ब्रेक

शेवटच्या शनिवारी बाबांनी मला तीनदा झापलं. एकदा बाराचा पाना मागितल्यावर मी तेराचा दिला म्हणून, एकदा ब्रेक ऑइलच्या डब्याचं झाकण उघडं ठेवलं म्हणून, आणि एकदा मडगार्डवर चहाचा कप टेकवला म्हणून. म्हणजे दिवस अगदी नेहमीसारखा होता.

गाडी दोन माणसांची, बुटकी, लांब नाकाची, वर कापडी छप्पर. नवी असताना ती शर्यतीत धावली होती म्हणे. बाबांनी घेतली तेव्हा ती कुणाच्या तरी गोदामात चार विटांवर उभी होती. माझ्या जन्माआधी दोन वर्षं ती घरात आली, म्हणून आई तिला थोरली म्हणायची आणि मी आपोआप धाकटी झाले. "थोरलीला ताप आलाय, आज तुमचे बाबा जेवायला चारला येणार." किंवा, "थोरलीला एकदम चार नव्या चपला! इथे माझा अंगठा तुटून महिना झाला." बाबांनी त्या गाडीला कधी दुसऱ्याचा हात लागू दिला नाही. मेकॅनिक म्हणजे त्यांच्या मते पैसे घेऊन बोल्ट सैल ठेवणारा माणूस.

ब्रेकमधली हवा काढायचं काम मात्र एकट्याने होत नाही, आणि बारा वर्षांची असल्यापासून ते माझ्याकडे होतं. ब्रेकच्या नळ्यांत तेल असतं. तेल दबत नाही, म्हणून पायातला जोर थेट चाकापर्यंत पोचतो. हवा दबते. नळीत हवा शिरली की जोर वाटेतच मुरतो आणि पेडल नुसतंच खाली जातं. म्हणून एकाने आत बसून पेडल दाबायचं आणि दुसऱ्याने चाकाशी बसून पान्याने निपल, म्हणजे तेल बाहेर काढायचा छोटा पोकळ स्क्रू, सैल करायचं; जुनं तेल आणि हवा पारदर्शक नळीतून बाटलीत येते. तीनच शब्द लागतात. बाबा म्हणायचे, "दाब." मी दाबायची. "धर." मी धरून ठेवायची; त्यांनी निपल उघडलं की पेडल पायाखालून हळूहळू बुडत जायचं, तरी धरूनच ठेवायचं. ते निपल आवळायचे आणि मग म्हणायचे, "सोड." ते सोड म्हणेपर्यंत पाय हलता कामा नये. हलला, तर पेडल वर येताना बाहेरची हवा आत ओढून घेतं.

तीन चाकं झाली होती. पुढचं उजवं राहिलं होतं.

"ईसीजी काढलात का?" मी विचारलं.

"दाब."

दाबलं.

"धर."

"बाबा, मी काहीतरी विचारतेय."

"ऐकलं. बहिरा नाही झालो अजून."

"आई म्हणाली, जिना चढताना मध्येच थांबता."

"शेजारीण दार उघडते का बघायला थांबतो. तुझ्या आईला ते कसं सांगणार?"

"चेष्टा पुरे. सोमवारी मी रजा टाकते. दोघं जाऊन येऊ."

"अगं, सोड."

माझा पाय वर आला.

ते विषय सोड म्हणत होते. पायाला ते कसं कळणार? अठ्ठावीस वर्षं त्या शब्दाचा एकच अर्थ त्याला ठाऊक होता. निपल अजून उघडंच होतं. बाबांनी बाजूला वळून फडकं उचललं होतं, बाटलीकडे त्यांचं लक्ष नव्हतं. चाकाच्या आतून फुस्स असा लहानसा आवाज आला, तोही मला आला की नाही याची आता खात्री देता येत नाही.

"धरलंयस ना?"

"हो."

त्यांनी निपल आवळलं. मी पेडल पुन्हा दाबलं. ते अडलं, पण जिथे अडायला हवं तिथे नाही. बोटभर खाली, आणि ओल्या गादीवर पाऊल पडावं तसं.

एरवी शेवटी बाबा स्वतः आत बसून पेडल तपासायचे. त्या दिवशी ते दाराला धरून उभे राहिले. दुसऱ्या हाताने डावा खांदा चोळत होते. "कसं आहे, धाकटे? मला आता त्या बिळात शिरायचा कंटाळा आलाय. तुझा पाय खरा."

"घट्ट आहे," मी म्हटलं.

का म्हटलं, याची मी पुढे बरीच कारणं शोधली. माझी साडेतीनची बस होती. डॉक्टरांवरून मी चिडले होते. पण खरं कारण इतकं किरकोळ आहे की लिहितानाही लाज वाटते: चौथ्यांदा बोलणी खायची नव्हती. रविवारी दुपारी फोन करून सहज म्हणावं, बाबा, ते पुढचं उजवं पुन्हा एकदा बघून घ्या, असं मी बसमध्ये ठरवलंही.

रविवारी सकाळी सातला ते गाडी घेऊन बाहेर पडले. आमच्या गल्लीतून वळलं की लगेच उतार लागतो. उताराच्या तळाशी रस्त्याला दगडी कठडा आहे. गाडी कठड्याला जाऊन टेकली. एक दिवा फुटला, बंपर वाकला. बाबांच्या कपाळावर खरचटल्याची खूण होती, बाकी अंगावर काही नाही. ते गेले होते. डॉक्टर म्हणाले, हृदय. धडक आधी की झटका आधी, असं काकांनी विचारलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, ते नेमकं सांगता येत नाही, पण एवढ्याशा धडकेने माणूस जात नाही. सगळ्यांनी मान डोलावली. तो विषय तिथे मिटला.

चौथ्या दिवशी उताराच्या मध्यावरचा दुकानदार भेटायला आला. खुर्चीच्या कडेवर बसून तो आईला म्हणाला, "जोरात नव्हती हो गाडी. मागचे लाल दिवे दोनतीनदा लागले, विझले, लागले. मला वाटलं, कुणाला तरी खूण करतायत."

आई म्हणाली, "त्यांची सवयच तशी. सगळ्यांना हात करत जायचे."

मी आत जाऊन नळ सोडला आणि भांडी घासत उभी राहिले, घासलेलीच. पेडल मऊ लागलं की माणूस ते पुन्हा पुन्हा मारतो. दोनतीनदा मारलं की जोर येतो. हे बाबांनीच मला शिकवलं होतं. आणि छातीत कळ आलेल्या माणसाचा पायही तसाच आपटू शकतो, हे मी स्वतःला शिकवलं. तेव्हापासून ही दोन वाक्यं मी रोज आळीपाळीने म्हणून बघते. माझं काम छापखान्यात जाणाऱ्या मजकुरातल्या चुका शोधण्याचं आहे. दुसऱ्याच्या वाक्यातली चूक मला दहा हातांवरून दिसते.

येणाऱ्या प्रत्येकाला आई एकच गोष्ट सांगायची. "आदल्या दिवशी बापलेक दिवसभर गाडीखाली होते. हसतखेळत. तेवढं एक बरं झालं बघा." तेवढं सांगितलं की तिचा आवाज सरळ व्हायचा, आणि ती पाहुण्यांना पाणी आणायला उठायची. तीन आठवडे ती त्या एका वाक्याला धरून उभी होती. त्यातला एक शब्द जरी हलवला तरी ती खाली बसेल, असं मला वाटत राहिलं.

गाडी काकांनी ठेवायची ठरली. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. गेल्या रविवारी त्यांनी दिवा बदलला, बंपर ठोकून सरळ केला आणि आईला म्हणाले, "वहिनी, पुढच्या शनिवारी अकराला येतो आणि थोरलीला सासरी नेतो."

"काका, आधी कुणाकडून तरी तपासून घ्या ना," मी म्हटलं. "निदान ब्रेक."

"कुणाकडून? दादाने आदल्या दिवशी स्वतः केलेले ब्रेक मी मेकॅनिकला दाखवू? अगं, वर बसून हसेल तो मला." मग माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणाले, "आणि हाताखाली तू होतीस. मग काय बघायचं?"

तो शनिवार आज होता. मी आदल्या रात्रीच बसने आले होते. सकाळी नऊला गॅरेजचं शटर वर केलं. बाबांचे पाने भिंतीवर आकाराप्रमाणे लावलेले होते. फक्त तेराच्या जागी बारा होता आणि बाराच्या जागी तेरा. ते मीच लावले असणार. मी गाडीत बसले आणि पेडल दाबलं. मऊ लागलं. पुन्हा दाबलं, घट्ट लागलं. तिसऱ्यांदा काही कळेना. आपल्या पायावर आपलाच विश्वास उरला नाही की पेडल काहीही सांगतं.

जॅक लावला, चाकांखाली लाकडाचे ठोकळे सरकवले, नळी आणि बाटली शोधली. आणि मग दुसऱ्या पायासाठी वर जाऊन आईला हाक मारली.

"मला काय कळतंय त्यातलं?" आई म्हणाली.

"कळायला काही नाही. मी सांगेन तेव्हा दाबायचं."

"परवाच तर केलंत ना दोघांनी?"

"खात्री करून घेते. काका नेणार आहेत."

आईने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. पण आली.

बेचाळीस वर्षांत ती त्या बाजूच्या दाराने कधी आत शिरली नव्हती. पाय पेडलपर्यंत पोचेना. मी खुर्ची पुढे ओढायला गेले, तर म्हणाली, "नको. ती त्यांनी ठेवलीय तिथेच राहू दे." म्हणून पाठीशी दोन उशा दिल्या. चप्पल काढून तिने शेजारच्या खुर्चीवर नीट जोडून ठेवली.

"आता मी 'दाब' म्हटलं की दाबायचं. 'धर' म्हटलं की पेडल खाली गेलं तरी धरून ठेवायचं. आणि 'उचल' म्हटलं की पाय उचलायचा. त्याआधी नाही. काही झालं तरी नाही."

"ते तर 'सोड' म्हणायचे. वर ऐकू यायचं."

"मी 'उचल' म्हणेन."

मी मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात केली. पद्धत तशीच आहे. लांबचं चाक आधी. पण पद्धत वेगळी असती तरी मी तिथूनच सुरुवात केली असती. तेल स्वच्छ आलं. मागचं उजवं, स्वच्छ. आईला जमू लागलं तशी तिला बोलायला सुचू लागलं. "एवढंच होतं होय? आणि यासाठी तुम्ही दोघं मला गॅरेजच्या बाहेर काढायचात. मला वाटायचं, आत काय विमान बनतंय." पुढचं डावं, स्वच्छ.

मी सामान उचलून उजव्या बाजूला आले. इथून आई दोन हातांवर होती. उघड्या दारातून तिचं पाऊल दिसत होतं. टाचेला भेगा, पेडलवर बोटं नीट जुळवलेली. माझी पाठ तिच्याकडे होती आणि बाटली माझ्या पुढ्यात. नळीतून काय येतं ते फक्त मला दिसणार होतं.

तेव्हा लक्षात आलं की हवा ठेवून दाखवता येत नाही. ती नळीतून येते, बाटलीत वर चढते आणि संपते. आत्ता आत काही असलं, तर ते निघून जाईल आणि ब्रेक चांगले होतील. काका सुखरूप घरी पोचतील. आईचं वाक्य जसंच्या तसं राहील. मी गप्प बसायचं, एवढंच करायचं होतं. तेवढं मला येत होतं.

"दाब."

"दाबलं."

"धर."

निपल अर्धा आटा सैल केलं. नळीत पिवळसर तेल सरकलं, स्वच्छ, वीतभर. मी श्वास सोडणार, इतक्यात एक बुडबुडा आला. मग थोडी मोकळी जागा. मग मोहरीएवढ्या बुडबुड्यांची रांग, एकामागून एक, थांबेचना. ते नळीतून वर चढले, बाटलीत उतरले, तेलाच्या पृष्ठावर आले आणि फुटले.

"खाली गेलं गं हे," आई म्हणाली. "एकदम गेलं. मघाशी असं जात नव्हतं."

"धरून ठेव."

"धरलंय. काय झालं? स्वच्छ आहे ना?"

बाहेर फाटकाची कडी वाजली. काकांचा आवाज आला, "वहिनी! नवरी तयार आहे का?"

"भावजी आले," आई म्हणाली. "उचलू का पाय?"

"नको. थांब."

पाना माझ्या हातात होता. बुडबुडे संपत आले होते. शेवटचे दोन नळीच्या वळणात अडकले होते आणि तिथेच थरथरत होते. स्वच्छ आहे, हे शब्द माझ्या तोंडात तयार होते. काकांची पावलं अंगणातून जवळ येत होती.

"अगं, बोल की. माझा पाय दुखायला लागला. काय दिसतंय तुला तिथे?"

मी निपल आवळलं. मागे वळले आणि तिच्या पावलाकडे न बघता तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"हवा आहे, आई. माझ्यामुळे आहे. त्या शनिवारी बाबांनी निपल बंद करायच्या आधी मी पाय वर घेतला. पेडल मऊ झालेलं मला कळलं होतं. त्यांनी मला विचारलं, आणि मी घट्ट आहे म्हणून सांगितलं."