सत्तेचाळीस मिनिटं

"तू नक्की विकतेस तरी काय?" हा प्रश्न आई गेली एकोणीस वर्षं विचारत आली होती. विमानं तुमची नाहीत, तिकिटं तुमची नाहीत, दुकानं दुसऱ्यांची, टॅक्सी तिसऱ्यांच्या. मग विमानतळाच्या विक्री विभागाची प्रमुख म्हणून लेक रोज सकाळी इस्त्रीचे कपडे घालून घराबाहेर पडते, ती काय विकायला? लेकीने परोपरीने समजावलं होतं. आई सगळं ऐकून घ्यायची आणि शेजारणींना सांगायची, "ती विमानतळावर असते." एखादा दवाखान्यात असतो म्हणावं आणि नोकरीला की खाटेवर, ते ऐकणाऱ्याने ठरवावं, तशातलाच प्रकार.

शेवटी एकदा वैतागून लेक म्हणाली, "आई, मी वेळ विकते."

आई म्हणाली, वेळ विकता आला असता तर तुझ्या बाबांनी कधीच विकला असता, त्यांच्याकडे पुष्कळ होता.

पण लेक बोलली ते खरंच होतं. त्या विमानतळावर उतरणारी निम्मी माणसं शहरात पाऊलही टाकत नाहीत. एका विमानातून उतरतात, दुसऱ्यात चढतात आणि पुढे जातात. ही अदलाबदल जिथे लवकर होते तिथे विमान कंपन्या येतात. जिथे रखडते तिथून काढता पाय घेतात. पहिल्या विमानाच्या दारापासून दुसऱ्या विमानाच्या दारापर्यंत किती मिनिटं, हेच विमानतळाचं प्रगतिपुस्तक. दहा वर्षांपूर्वी हा आकडा पंचाहत्तर होता. छत गळायचं, सरकते जिने आठवड्यातून दोन दिवस उपास करायचे, आणि सामान हरवावं तर इथेच, असा विनोद बाहेर सर्रास चालायचा. लेक तेव्हा विक्री विभागाच्या चौकशीच्या खिडकीत बसायची आणि तो विनोद तिला झोंबायचा.

तिने गळ्यात स्टॉपवॉच अडकवलं ते तेव्हापासून. सामान विभागाचा प्रमुख, ज्याला सगळे वस्ताद म्हणत, तो तिला येऊन मिळाला. सामानाच्या पट्ट्याचा कुठला रूळ आजारी आहे हे हा माणूस नुसत्या आवाजावरून सांगायचा. दोघांनी मिळून मिनिटामिनिटाशी झटापट केली. हमालांनी तिचं नाव 'मिनिटबाई' ठेवलं. आधी तिला राग आला, मग ते नाव तिने पदासारखं मिरवलं. आता हजारातली एखादीच बॅग चुकायची. दुकानदार जागेसाठी रांगा लावायचे. सलग चार वर्षं नफा झाला होता आणि त्या नफ्यातून काचेची नवी इमारत उभी राहिली होती. तिच्याकडे बघताना मिनिटबाईचा ऊर भरून यायचा, आणि का येऊ नये? फुकटचा नव्हता तो अभिमान, घाम गाळून कमावलेला होता.

एकच खोट होती. नव्या इमारतीत विमानाला लागणारी दारं होती चौदा आणि चालू होती चार. उरलेली दहा भरायची तर एका बड्या विमान कंपनीने यायला हवं होतं. ती कंपनी प्रवाशांच्या अदलाबदलीसाठी जागा शोधत होती आणि दोनच नावं उरली होती, हा विमानतळ आणि तासाभराच्या उड्डाणावरचा शेजारचा. शेजाऱ्यांनी चाळीस मिनिटं जाहीर केली होती. मोठ्या साहेबांनी फर्मावलं की आपला आकडा चाळीसच्या वर एक मिनिटही जाता कामा नये. जायचा प्रश्नच नव्हता. मिनिटबाईने आणि तिच्या लोकांनी तेहेतीस वेळा मोजलं होतं, दर वेळी अडतीस ते चाळीस. तिने सहीनिशी लिहून दिलं. विमानं कुठून न्यायची हे ठरवणारी कंपनीची मार्गप्रमुख तीन आठवड्यांनी गुरुवारी येणार होती. ती हो म्हणाली तर दहा दारं उघडणार होती. नाही म्हणाली तर काचेच्या इमारतीत धूळ झटकत बसायचं होतं.

त्याच सुमारास आई आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसली. मामाकडे तीन आठवडे राहायला निघाली होती. लेकीने तिला मुद्दाम लवकर आणलं, आत फिरायचा पास काढून दिला आणि म्हणाली की आपण गंमत करू. तू जुन्या इमारतीत उतरली आहेस असं समज आणि नव्या इमारतीतलं विमान गाठ. मी मागून येते, बोलणार मात्र नाही. पाट्या सांगतील तसं जा.

आई निघाली. पहिलं बाक दिसलं तिथे बसली. बाक बसायलाच ठेवलंय ना, असा तिचा साधा हिशोब. सुरक्षा तपासणीत तिने सगळ्या बांगड्या एकेक करून काढल्या आणि एकेक करून घातल्या. मागची रांग खोळंबली. पुढे वाट दुभंगत होती. डावीकडे जुन्या इमारतीतली दुकानं, उजवीकडे नव्या इमारतीकडे जाणारा पूल. तिथे मधोमध एक भलामोठा, आतून उजळलेला फलक टांगला होता, 'चाळीस मिनिटांत पुढच्या विमानात! तुमच्या वेळेची किंमत आम्ही जाणतो.' हे शब्द मिनिटबाईचे स्वतःचे. गेल्या वर्षी त्याला बक्षीसही मिळालं होतं. आईने तो दोनदा वाचला, कौतुकाने मान डोलावली आणि सरळ डावीकडे वळली.

मिनिटबाईने वर पाहिलं. फलकाच्या मागे उजवीकडे नेणारा पिवळा बाण होता. त्याचं फक्त शेपूट दिसत होतं.

या जागेखालून ती दिवसातून चार वेळा जायची. बाण कधी तिच्या नजरेलाच पडला नव्हता, कारण तिला बाणाची गरजच नव्हती. तेहेतीस वेळा मोजलं होतं ते तिने, वस्तादने आणि तपासणीवरच्या लोकांनी. डोळे बांधून सोडलं तरी पोचणारी माणसं सगळी! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, आणि इथे तर दिवा तिने आपल्या हाताने टांगलेला. लाजेने तिचे कान तापले.

आई पोचली तेव्हा घड्याळात अडुसष्ट मिनिटं झाली होती. खुर्चीत टेकून तिने चहूकडे नजर फिरवली. "छान आहे गं तुमचं सगळं," ती म्हणाली. "फक्त सापडत नाही."

आईचं विमान गेल्यावर मिनिटबाई तडक वस्तादकडे गेली. तो आधी हसला. आपली बॅग एकतीस मिनिटांत पोचते म्हणाला. तिने सांगितलं की बॅग पाट्या वाचत नाही, बाकावर बसत नाही आणि बांगड्या काढत नाही. वस्तादने मिशी चावली आणि म्हणाला, "मग माझ्या सासूबाईंना आणतो. स्वयंपाकघरातून बैठकीच्या खोलीत येताना चुकतात त्या."

असं ते सुरू झालं. ज्याने कधी विमानतळ पाहिलेला नाही असा एकेक नातेवाईक प्रत्येकाने आणायचा. दोन आठवड्यांत एक्केचाळीस जण आले. आत्या, मावश्या, एका कानाने ऐकू न येणारे कुणाचे चुलते, कडेवर मूल घेतलेली कुणाची वहिनी. जिथे माणूस थबकेल तिथे वस्ताद जमिनीवर खडूची रेघ मारायचा. पहिल्याच दिवशी त्या दुभंगाशी फरशी पांढरी झाली. कुठे बाक भिंतीकडे सरकवलं, कुठे अक्षरं मोठी केली, तपासणीत 'बांगड्या राहू द्या' अशी चित्राची पाटी लावली. आणि मिनिटबाईने फलक उतरवायला सांगितला.

मोठे साहेब खवळले. पाहुणी दारात आली असताना बक्षीसपात्र फलक काढणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण, असं त्यांचं म्हणणं. ती म्हणाली की लिहिला मी, तेव्हा उतरवतेही मीच. फलक उतरला. उतरताना तिला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगा.

शेवटच्या फेरीचे आकडे आले. सरासरी अडतीस. सर्वांत उशिरा पोचल्या वस्तादच्या सासूबाई, सत्तेचाळीस मिनिटांत. साहेबांची कळी खुलली. अडतीस छापा, ते म्हणाले, शेजाऱ्यांपेक्षा दोनने कमी!

"सरासरी माणूस विमानातून कधी उतरत नाही, साहेब," मिनिटबाई म्हणाली. "उतरते ती कुणाची तरी आई. सत्तेचाळीसच्या आत ती पोचेल हे मी छातीठोक सांगते. अडतीसचं नाही सांगू शकत."

 साहेब म्हणाले की हे हातचं गेलं तर तुमच्या नावावर जाईल. तिने जुना कागद फाडला, नव्यावर सत्तेचाळीस लिहिलं आणि सही केली. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

गुरुवारी मार्गप्रमुख आली. पन्नाशीची, बुटकी, सपाट चपलांतली बाई, स्वतःची बॅग स्वतः ओढत. कागद वाचून तिने चष्मा वर केला. शेजारी चाळीस म्हणतात आणि तुम्ही आपण होऊन सात जास्त सांगता, हे कसं? मिनिटबाईने फलकापासून खडूपर्यंत सगळं सांगितलं. साहेब खुर्चीत चुळबुळत होते. पाहुणी म्हणाली, "एक्केचाळीस जणांवर बेतून तुम्ही वाट सुधारलीत. सुधारलेली वाट न पाहिलेलं कुणी आहे का?"

असं माणूस एकच होतं आणि ते सव्वाअकराच्या विमानाने मामाकडून परत येत होतं. मिनिटबाईने तेही सांगितलं, आणि आई पूर्वी चुकली होती हेही. पाहुणी म्हणाली की बरंच झालं. जुन्या इमारतीच्या टोकाच्या दाराशी विमान लागू दे आणि आजींनी नव्या इमारतीचं चौदावं दार गाठू दे. ते सर्वांत लांबचं. तुम्ही फक्त कार्ड द्यायचं आणि गप्प मागून यायचं.

विमानाच्या दारात आईच्या हातात कार्ड आलं. दार चौदा, वेळ सत्तेचाळीस मिनिटं. आईने लेकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मनगटावर बाबांचं जुनं घड्याळ होतं, ते डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं आणि चालू लागली. मागून पाहुणी, तिच्या मागे मिनिटबाई आणि वस्ताद.

गुडघा दुखत असल्याने आई एका बाजूला कलत चालत होती. तपासणीत तिचा हात सवयीने बांगड्यांकडे गेला, चित्र दिसलं आणि हात खाली आला. दुभंगाशी ती थांबली. फलक होता त्या जागेकडे पाहत राहिली, जणू कुणी ओळखीचं माणूस भेटायचं होतं आणि आलं नाही. मिनिटबाईचा जीव टांगणीला लागला. इतक्या वर्षांची मेहनत, दहा बंद दारं, सहीचा कागद, सगळं आता त्या एका वळणाऱ्या मानेवर होतं. आईची मान वर गेली. पिवळा बाण ऐटीत लटकत होता. आई उजवीकडे वळली.

पूल ओलांडला तेव्हा एकोणचाळीस मिनिटं झाली होती. चौदावं दार दिसायला लागलं तेव्हा त्रेचाळीस. आणि चव्वेचाळिसाव्या मिनिटाला, दारापासून वीस पावलांवर, आई बाकावर बसली.

मिनिटबाईने ओठ दाबून धरले. वस्तादने स्वतःची मिशी मुठीत पकडली. अर्धं मिनिट गेलं. शेवटी पाहुणीनेच स्वतःचा नियम मोडला. वाकून विचारलं, "आजी, दमलात का? दार समोरच आहे."

"दिसतंय की," आई म्हणाली. तिने कार्ड दाखवलं, मग घड्याळ. "सत्तेचाळीस म्हणालेत. अजून मिनिटं उरलीत. ती माझी आहेत. बसते जरा."

 पाहुणी आपली बॅग बाजूला ठेवून आईशेजारी बसली. कुणाला उद्देशून न बोलता म्हणाली की शेजारच्या विमानतळावर मी चाळीस मिनिटांत पोचले खरी. धावत पोचले, घोटा अजून दुखतोय. मग तिने मान वळवून मिनिटबाईला विचारलं, "किती दारं रिकामी आहेत म्हणालात?"

"दहा."

"पुढच्या वर्षी नसतील."

मिनिटबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते पुसलंही नाही, राहू दे म्हणाली मनात, एकोणीस वर्षांचं आहे. वस्ताद तोंड फिरवून काचेतून धावपट्टी बघत होता, कधी न पाहिल्यासारखी.

पाहुणीने आईला विचारलं, "तुमची लेक इथे नक्की करते तरी काय?"

आईने बाकाला रेटा देऊन स्वतःला उठवलं, पदर सारखा केला. शेहेचाळीस झाली होती. वीस पावलं बाकी होती आणि ती पुरून उरणार होती.

"लेक माझी?" ती म्हणाली. "वेळ विकते. मापात पाप नाही करत."