सात माणसं कमी

गावात वाहन एकच होतं, पुढाऱ्यांच्या धाकट्या मुलाची जीप. रोज सकाळी ती शहराकडे निघायची तेव्हा आत माणसं, टपावर पोती, मागे लोंबकळणारी पोरं आणि एखादी शेळी असा सगळा संसार असायचा. शेळीला अर्धं भाडं. विधवेला जागाच नाही. विधवा बसली की गाडी उलटते, असं गावाचं ठाम मत होतं. जीप तोवर तीनदा उलटली होती आणि तिन्ही वेळा आत एकही विधवा नव्हती. शेळी मात्र होती. पण शेळीवर कुणी संशय घेतला नाही.

धाकट्याची वहिनी शिवणकाम करायची. नवरा गेला त्याच वर्षी तिची पोर तापाने फणफणली. सासऱ्यांनी नातीला मांडीवर घेतलं, जीपमध्ये बसले आणि सुनेला म्हणाले, "तू ये मागून."

ती धावत निघाली. अर्ध्या वाटेत जीप परत येताना भेटली. पोर सासऱ्यांच्या मांडीवरच होती, चादरीत. तेव्हाही वहिनीला आत घेतलं नाही. जीप पुढे गेली आणि ती चालत घरी आली.

त्यानंतर तिचं शिवणयंत्र चालू राहिलं, बोलणं बंद झालं. गावाला वाटलं, बाईने दुःख पचवलं.

मग एक दिवस माणसं मोजायला साहेब आले. वस्ती पुरेशी भरली तर गावाला सरकारी बस मिळणार होती. सासरे गावचे पुढारी, त्यांनी घराघरांतली माणसं तोंडी सांगितली. रीतीप्रमाणे विधवा धरल्या नाहीत. नवऱ्याबरोबर त्याही वजा.

"सात माणसं कमी पडतात," साहेब म्हणाले.

"दोन म्हशी गाभण आहेत," पुढारी म्हणाले. "त्या धरता येतील का?"

साहेबांनी पाणी मागितलं. पाणी घेऊन वहिनी आली.

"या कोण?"

"ही होय? कुणी नाही. सून आहे."

"जिवंत आहेत ना?"

पुढाऱ्यांनी जरा विचार केला.

गावात अशा बरोबर सात जणी निघाल्या: वहिनी, सुईण, दूधवाली आणि आणखी चौघी. पुढाऱ्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "सूनबाई, मोजण्यापुरत्या उभ्या राहा गं सगळ्या."

"राहू की, मामंजी." कितीतरी दिवसांनी ती बोलली. "पण पहिल्या फेरीला बसमध्ये आम्हीच सात जणी. गावातले सगळे पुरुष मागून चालत येतील. शहरापर्यंत."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"मग म्हशी धरा."

पुढाऱ्यांनी मान डोलावली. बायकांना दिलेला शब्द विसरायला कितीसा वेळ लागतो! पण साहेबांनी पाचर मारली: पहिल्या फेरीला या सात जणी डेपोवर पुन्हा दिसल्या, तरच बस कायम.

बस आली. सुईण पुढच्या सीटवर पाय पसरून बसली. दूधवालीने उगाचच दोन वेळा घंटी वाजवली. मागे धुळीत सगळे पुरुष.

"ड्रायव्हरदादा, हळू," वहिनी म्हणाली. "दिसेनासे व्हायला नकोत."

"मागे पडले गं," दूधवाली म्हणाली.

"थांबवा. जवळ आले की सोडा."

असं चार वेळा झालं. बस काही उलटली नाही. वाचकहो, म्हाताऱ्याची दया येत असेल तर येऊ द्या. त्या दिवशी धावणाऱ्या आईची किती जणांना आली होती, तेवढं मात्र स्वतःला विचारा.

धाकटा धापा टाकत खिडकीशी आला. "वहिनी, अण्णांचे गुडघे गेले! मरतील ते!"

"चादर आणलीय मी, भावजी," ती म्हणाली.

डेपोवर साहेबांनी सात जणी मोजल्या, शिक्का मारला. गावाला बस मिळाली. पुढारी चपला हातात घेऊन फुटपाथवर बसले होते. परतीची वेळ झाली तसे ते उठले, लंगडत दाराशी आले. दांडा धरला, पण पायरीवर पाय ठेवायचं धाडस होईना.

"सूनबाई," ते म्हणाले, "परतीला मला घ्याल का?"

सुनेला त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा अहोजाहो केलं.

तिने मागे वळून बायकांना विचारलं, "काय गं, घ्यायचं का?"

सुईण खिडकीबाहेर बघत होती. दूधवालीने अंबाडा सोडला आणि सावकाश पुन्हा बांधायला घेतला. ड्रायव्हरने इंजिन चालू केलं. उत्तर द्यायची घाई कुणालाच नव्हती.