आपण स्तनदा आहात का?

मुरुम गावात माझं मेडिकल आहे. डोकं तापट आहे, हे आधीच सांगून ठेवते. पुढची हकीकत शांतपणे सांगणं मला जमणार नाही.

मंगळवारी गावातली दैवशाला मोबाईलवर डॉक्टरची चिठ्ठी घेऊन आली. पंधरा दिवस खोकत होती बिचारी. कुठल्याशा अ‍ॅपवर प्रश्नांपुढं टिक केल्या आणि दहा मिनिटांत औषध लिहून हजर. डॉक्टर ना दिसला, ना बोलला. खोकल्याचं, पण चांगलंच गुंगी आणणारं औषध होतं. चिठ्ठीवर नाव, सही, नोंदणी क्रमांक आणि खाली ‘सल्लामसलत पूर्ण’ असा शिक्का. दुकानात गर्दी होती. मी बाटली दिली.

शनिवारी ती दुसरी बाटली न्यायला आली. सोबत सासू नागूबाई, आणि त्यांच्या हातात दुपट्यात गुंडाळलेली दोन महिन्यांची नात.

“खोकला लई कमी झाला,” नागूबाई म्हणाल्या. “आन् पोरगी बी गुणाची झालीय. रडत न्हाय, उठत न्हाय. दूध प्यायला बी उठवावं लागतंय.”

मी काढलेली बाटली परत फळीवर ठेवली.

“दैवशाला, हिला अंगावर पाजतीस का?”

“व्हय वृषालीताई. मग काय, वरचं देऊ?”

“अ‍ॅपवर विचारलं नव्हतं?”

“न्हाय की.” तिनं मोबाईल पुढं केला. नववा प्रश्न होता, ‘आपण स्तनदा आहात का?’ तिनं ‘नाही’ केलं होतं.

“मला वाटलं, छातीत गाठीबिठी हुत्यात तसला आजार आसंल,” ती म्हणाली. “तसलं मला काय न्हाय.”

आमच्याकडं कुठली बाई स्वतःला स्तनदा म्हणते? अंगावर पाजतेस का, एवढं विचारायला डॉक्टरला तोंड उघडावं लागलं असतं. आणि तोंड उघडायचं नाही, हाच तर यांचा धंदा. असलं औषध पहिल्यांदा लिहिताना पेशंट निदान व्हिडिओवर तरी बघावा, हा नियम त्याला पाठ असणार. शिक्का मारायला मात्र विसरला नाही मेला.

मी पोरीच्या तळपायाला टिचकी मारली. तिनं पाय आखडला नाही.

शटर ओढलं आणि रिक्षानं तिघींना दवाखान्यात नेलं. पोरीला ऑक्सिजन लावला. दोन दिवस दैवशाला बाहेर बाकावर बसून होती. दूध दाटून छाती दगडासारखी झालेली, ते पिळून टाकायचं आणि रडायचं. “म्याच पाजलं, ताई,” एवढंच बोलायची. तिचा काय दोष? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. तिसऱ्या दिवशी पोरगी सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी रडली, तेव्हा कुठं आमच्या जिवात जीव आला.

मग मी अ‍ॅपच्या मागं लागले. फोन केला की यंत्र बोलायचं. मेलला उत्तर आलं, ‘रुग्णाने स्वतः दिलेल्या माहितीवरून औषध लिहिले आहे.’ शेवटी मी त्या डॉक्टरच्या नावानं आरोग्य खात्याकडं लेखी तक्रार केली. आणि काय नवल, चौथ्या दिवशी साहेबांचा स्वतःचा फोन. पेशंटला ऐकू न आलेला आवाज मला ऐकायला मिळाला.

“मॅडम, तक्रार मागं घ्या,” तो म्हणाला.

पोरगी कशी आहे, हे विचारलं नाही. मी त्याला तोंडाला येईल ते बोलले. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मग हळूच म्हणाला, “मी त्यांना पाहिलं नाही, मान्य. पण तुमच्या तर त्या समोर उभ्या होत्या. तुम्ही विचारलंत?”

मी फोन कापला. 

तक्रार मागं घेतली नाही. अर्ज पुन्हा लिहून पाठवला. पहिल्या अर्जात दोषी म्हणून एकच नाव होतं. या वेळी त्याच्या खाली माझं लिहिलं.