गौरीपुढचे फोकस

घाटकोपरच्या त्या तीन मजली चाळीत पाणी सायंकाळी सात ते आठ एवढाच वेळ येई, आणि नेमक्या त्याच तासाला बारा बिऱ्हाडांचे मिक्सर, इस्त्र्या नि विजेच्या शेगड्या सुरू होत. त्यात पाण्याचा पंप लागला, की भाराने चाळीचा मुख्य फ्यूज उडे. मग घरेही अंधारी आणि गच्चीवरची टाकीही कोरडी. म्हणून चाळीतल्या वडीलधाऱ्या रत्नप्रभाबाईंनी श्रावणातच हुकूम काढला: सात ते आठ घरटी एकच दिवा. त्यांचा शब्द मोडायची चाळीत कोणाची छाती नव्हती.

आज गौर आली होती. उद्या त्यांच्या नव्या सुनेचा, सुलक्षणेचा, पहिला ओवसा, म्हणजे गौरीपुढे सुपे ओवाळायचा मान. तिच्या माहेरची चाळीस माणसे जेवायला यायची होती. टाकी भरली नाही तर चुलीवर हंडा चढणार नव्हता, आणि पहिल्याच ओवशाला व्याह्यांपुढे नाक कापले जाणार होते.

मखराला शंभर दिव्यांची माळ होती, शिवाय दोन दांडगे फोकस. सातच्या ठोक्याला सुलक्षणेने बटणाकडे हात नेला.

"आई, बंद करू ना?"

"गौर माहेरी आली नि तिला अंधारात बसवू? देवाला नियम लागत नाही."

"देवाला नाही लागत हो, फ्यूजला लागतो."

बाईंनी नुसते पाहिले. सुनेने हात मागे घेतला.

खाली चाळीचा पंप सांभाळणाऱ्या लवूने पंप लावला. दहा मिनिटे घरघर झाली, आणि अख्खी चाळ काळीठिक्कर पडली. लवू विजेरी घेऊन धापा टाकीत वर आला.

"काकी, फ्यूज गेलो!"

"इस्त्री कोणी लावली?"

"इस्त्री कोणी लावूक नाय. घराघरात गौर आसा, नि सगळ्यांचे फोकस पेटलेले. समोरच्या गुणाजीक इचारलंय, तर म्हणता, काकींनी लावलेत, मगे माझी गौर काय सावत्र?" तो घुटमळला. "जाडी तार घालू?"

"आणि चाळ पेटवू? आहे तीच घाल."

बाईंनी अंधारातच फोकसचे बटण स्वतः बंद केले, समई पेटवली, आणि ती हातात घेऊन त्या सज्जात आल्या.

"ऐका सगळे! चूक माझी झाली. हे मी दुसऱ्यांदा सांगणार नाही. बटणं बंद करा नि समया लावा."

गुणाजीच्या दारात पहिली ज्योत दिसली; मग एकेक करीत साऱ्या दारांत. पंप पुन्हा घुरघुरला आणि आठपर्यंत अडखळला नाही.

"काकी, पाऊण टाकी भरली!" गच्चीवरून लवू ओरडला.

उद्याच्या जेवणाला तेवढे पुरत होते. समईच्या उजेडात गौरीची नथ मंद चमकत होती. बाईंनी वात सारली.

"सुलक्षणा, उद्यापासून सात वाजता बटण तू बंद करायचंस," त्या म्हणाल्या. "मी अडवलं तरी."