निवटीचा गुण

चिंगीला सतरा महिने पुरे झाले होते आणि ती अजून चालत नव्हती. बसायची, रांगायची, खांबाला धरून उभी राहायची, आणि खांब सुटला की अशी ठाण मांडून बसायची जणू घरातून बसायचंच ठरवून निघाली होती. नागावात त्या वर्षी जन्मलेली नऊ पोरं चिंगीच्या आईला, नलूला, तोंडपाठ होती. आठ चालत होती. त्यांतलं एक तर विहिरीच्या काठापर्यंत जाऊन आलं होतं, आणि त्याची आई ही गोष्ट भीतीने नव्हे, अभिमानाने सांगत होती.

नलू मुंबईच्या कॉलेजातून प्राणिशास्त्र घेऊन बी. एस्सी. झालेली. त्या पदवीचा सासरी एकच उपयोग झाला: काही बिघडलं की कारण शोधत बसावं लागत नसे.

"पोटुशी असताना माकडांची पुस्तकं वाचलीस," सासूबाई म्हणायच्या. "मग पोर चार पायांवरच राहणार."

सासूबाई म्हणजे आवडाबाई. हाताने सुगरण आणि तोंडाने तिखट. त्यांच्या घराण्याची रीत अशी, की अठराव्या महिन्यापर्यंत पोर चाललं नाही तर दोन्ही गुडघ्यांवर डाग द्यायचा. डाग द्यायला हिरामण यायचा. त्याच्याकडे एकच विळा होता. तो विस्तवात लाल करून त्याच विळ्याने तो बैलांना डागी आणि मुलांनाही, आणि आजवर बैलांकडून एकही तक्रार आलेली नाही, असं छाती काढून सांगे. येत्या शनिवारी अवस होती. हिरामणला निरोप गेला होता.

नलूने नवऱ्याला गाठलं. दिनानाथ अलिबागेत वकिली करायचा. त्याच शनिवारी संध्याकाळी तिथल्या वाचनालयात त्याचं 'उत्क्रांतिवाद आणि आपण' या विषयावर व्याख्यान होतं. टिपणं सगळी नलूने काढून दिली होती. दिनानाथकडे आवाज होता. तो आरशासमोर उभा होता.

"अहो, शनिवारी चिंगीला डागणार आहेत."

"हं. 'एके काळी सर्व जीव पाण्यात होते' असं म्हणू, की 'अनंत काळापूर्वी'?"

"चिंगीला डागणार आहेत, म्हटलं."

"आईचं मन कशाला मोडायचं? मलाही दिलाय." त्याने धोतर वर करून दाखवलं. दोन्ही गुडघ्यांवर चिंचोक्याएवढे दोन चट्टे. "चालतोय ना मी? आप्पांनाही होते. आजोबांनाही."

"मग हे घाला तुमच्या व्याख्यानात," नलू म्हणाली. "तीन पिढ्या डागल्या, तरी चौथी कोऱ्या गुडघ्यांनी जन्मली. वरून मारलेला डाग पुढच्या पिढीत उतरत नाही."

"वा! हे झकास आहे," दिनानाथ म्हणाला आणि पेन्सिल शोधू लागला.

डाग उतरत नाही, हे पुस्तकात होतं. डागण्याची खोड मात्र बिनचूक कशी उतरते, ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

मग नलू सासूबाईंकडे गेली. त्या ओट्यावर बसून ठमीकडून निवट्या घेत होत्या. निवटी म्हणजे खाडीच्या चिखलातला बोटभर मासा. डोळे डोक्यावर, तोंडावर कायम आश्चर्य. ओहोटीला बिळातून निघून चिखलावर हिंडतो. ठमी त्या बिळांत कोपरापर्यंत हात घालून निवट्या काढायची आणि जिवंत आणून विकायची.

"आई, न डागताही चालेल हो ती. थोडं थांबू या."

"दिनू डाग दिल्यावर आठव्या दिवशी चालला."

"न देताही चालला असता."

"ते कुणी बघितलंय?"

"या ठमीच्या पाच पोरांना कुणी डागलं नाही. पाचही पळतात."

"त्यांचं सोड. चिखलातली माणसं ती."

"व्हय गो मोठे बाय," ठमी टोपली हलवत म्हणाली, "आमची पोरा चिखलान उगवतात न् चिखलानच पलतात. आनि ही बघ, हिला कंच्या हिरामणान डाग दिला? हिला तं पाय पन न्हाय."

टोपलीतून एक निवटी उसळून ओट्यावर पडली होती. छातीकडचे दोन पर तिने कोपरासारखे टेकले, अंग ओढलं, पुन्हा टेकले. चालत होती, त्याला दुसरा शब्द नाही. चिंगी खिदळत तिच्यामागे रांगली.

नलू बघत राहिली. कॉलेजात हीच निवटी स्पिरिटच्या बाटलीत पाहिली होती. प्रोफेसर तासभर ती बाटली उंच धरून सांगत होते, की ही काही आपली पणजी नव्हे, पण पणजी पाण्यातून निघाली ती साधारण याच थाटात, पाय यायची वाट न बघता. नलूला त्या प्रश्नात उत्तम मार्क मिळाले. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी तिला तोच पुरावा चिंच घालून वाढला.

पुराव्याचा इथे काही उपयोग नव्हता. नलूने घसा साफ केला.

"आई, आमच्याकडे याला निवटीचा गुण म्हणतात."

"कशाला?"

"जिवंत निवटी पोराच्या तळपायावरून तीनदा फिरवायची. खाडीच्या काठी. तीन दिवस, सकाळच्या ओहोटीला. पोर चालतं. म्हसळ्याची माझी आजी सांगायची."

म्हसळ्याची आजी नलूच्या जन्माआधीच वारली होती. पण पुस्तकांना न जुमानणाऱ्या आवडाबाई आज्यांपुढे गप्प व्हायच्या.

"आणि मधे लोखंड लागलं की गुण जातो," नलूने घाईघाईने जोडलं.

ठमीने तिच्याकडे एकदा नीट पाहिलं. मग टोपलीवर फडकं टाकत म्हणाली, "खरा हाय. माझी आय पन सांगं."

आवडाबाईंनी हिशेब केला. "आज बुधवार. शनिवारी तिसरी ओहोटी. नाही चालली तर हिरामण तिथेच येईल. विस्तव घेऊन."

गुरुवारी चिंगीने चिखल खाल्ला. शुक्रवारीही खाल्ला, शिवाय नलूच्या पदराला पुसला. शुक्रवारी निवटी दोनदा फिरवून झाली आणि हातातून निसटली. नलू घरी निघाली. अर्ध्या वाटेवर तिचे पाय थबकले. तिसरा फेरा राहिला होता. आजी आपणच रचली, फेरे आपणच ठरवले, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी ती मागे वळली, ठमीकडून दुसरी निवटी मागून घेतली आणि तिसरा फेरा पुरा केला. बी. एस्सी., दुसरा वर्ग!

शनिवारी सकाळी खाडीच्या काठी सगळे जमले. आवडाबाई नऊवारीचा ओचा वर खोचून उभ्या. त्यांच्यामागे हिरामण, एका हातात विळा, दुसऱ्या हातात निखाऱ्यांचं मडकं. दिनानाथ आला नव्हता. संध्याकाळसाठी आवाज राखून झोपला होता.

नलूने चिंगीला चिखलात उभं केलं आणि एका हाताने धरून ठेवलं. एक फेरा झाला. दुसरा झाला. मागे हिरामण मडक्यावर फुंकर मारत होता, ती तिला मानेवर लागल्यासारखी वाटत होती. तिसऱ्या फेऱ्याला निवटी सुळकन निसटली, हातभर अंतरावर जाऊन बसली आणि डोळे वर करून चिंगीकडे बघू लागली.

चिंगीने आईचा हात झटकला.

पहिलं पाऊल चिखलात घोट्यापर्यंत रुतलं, आणि रुतलं म्हणूनच ती पडली नाही. तिने ते उपसलं आणि दुसरं टाकलं. निवटी उडी मारून पुढे. चिंगी मागे. तिसरं, चौथं, पाचवं. सहाव्याला चिंगी तोंडावर आपटली, उठली, आणि तिला उचलायला निघालेल्या आजीवर ओरडली.

"निवटीमाय पावली गो!" आवडाबाईंनी चिखलालाच हात जोडले.

"मी नव्हता सांगितला?" ठमी म्हणाली.

"इळा बघून चालली," हिरामण म्हणाला. "धाकान."

नलूने चिंगीला मांडीवर घेतलं आणि पदराने गुडघे पुसले. दोन्ही कोरे.

संध्याकाळी दिनानाथने हीच हकिकत 'मी केलेला एक प्रयोग' म्हणून वाचनालयात सांगितली. टाळ्या पडल्या. भुकेला घरी येऊन पाटावर बसला आणि म्हणाला, "आज निवट्यांचं कालवण हवं बुवा."

"निवटी या घरात शिजायची नाही," आवडाबाई म्हणाल्या. "पुन्हा कधीच."

त्याच्या पानात दुधी पडला. नामशेष होण्याआधी शेवटच्या प्राण्याचा चेहरा कसा होत असेल, ते नलूला त्या दिवशी कळलं.

पुढच्या अवसेला ती चिंगीला घेऊन खाडीकडे गेली, तर काठावर सात बायका पोरं घेऊन उभ्या. आवडाबाईंनी शेजारच्या आक्षी गावापर्यंत डंका पिटला होता. नलूच्या मनात आलं, आता हिरामणचं कसं होणार? परिस्थिती बदलली की जो बदलत नाही तो संपतो, असं तिच्या पुस्तकात ठळक अक्षरांत होतं.

हिरामणने पुस्तक वाचलेलं नव्हतं. तो गुडघाभर चिखलात उभा होता, कमरेला टोपली, टोपलीत निवट्या, आणि बायकांना ओळीत उभं करत होता. नलूला पाहून लगबगीने काठाशी आला.

"वैनीबाय, बरा झाला आलीस. कोनी तीनदा बोलतान, कोनी पाचदा. खरा काय?"

त्याच्या मागे एक बाई सुकलेल्या पोराला घेऊन उभी होती. पोराच्या उजव्या गुडघ्यावर डाग होता, अजून ओला. डावा गुडघा कोरा.

"याचा एक राहिलाय," हिरामण हळूच म्हणाला. "निवटी फिरवली न् वरून तो पन दिला, तं चालल ना?"

खरं काय ते नलूला चांगलं माहीत होतं. पोरं आपल्या वेळेला चालतात. निवटीने नाही, विळ्याने तर नाहीच. हे वाक्य तिने ओठांपर्यंत आणलं. ते ऐकून हिरामण टोपली टाकणार आणि घरी जाऊन विळा घेऊन येणार, हेही तिला दिसलं.

"पाचदा," ती म्हणाली. "आणि महिनाभर अंगाला लोखंड लावायचं नाही. लागलं की निवटी कोपते."

"कोपते?"

"फिरवणाऱ्यावर."

हिरामणने मान डोलावली, मागे वळला आणि ओळीवर खेकसला, "ऐका गो! इळे-कोयते घरान ठेवा! निवटी कोपल!"

नलूने हात मागे नेला तर चिंगी जागेवर नव्हती. ती थेट खाडीच्या पाण्याकडे निघाली होती, न पडता, एकदाही मागे न बघता. नलू चपला टाकून तिच्यामागे धावली.